एका ठिपक्याची बखर

लॅटिन भाषेत 'नुक्स' म्हणजे अक्रोडासारखे कठीण कवचाचे फळ. त्याच्या आतला गर तो 'न्यूक्लिअस'. हे मूळ शब्दाचे लघुत्वदर्शक रूप होय. या लघुरूपाला पुन्हा एकदा लहान केले की 'न्यूक्लिओलस' हा शब्द मिळतो. लहानाचे लहान, इतकाच त्याचा अर्थ. आपल्या पाठ्यपुस्तकांनी न्यूक्लिअसला 'केंद्रक' आणि न्यूक्लिओलसला 'केंद्रकी' म्हटले. सुरा-सुरी, लोटा-लोटी, गाडा-गाडी या मराठीच्या जुन्या चालीला धरून शेवटी ईकार जोडला आणि वस्तू लहान केली. नाव नेमके आहे, पण त्याने ती वस्तू करते काय याचा काहीच बोध होत नाही. शाळेत पेशीची आकृती काढताना केंद्रकाच्या वर्तुळात एक गडद ठिपका द्यायचा, बाण काढून नाव लिहायचे, आणि पुढे जायचे. बहुतेकांचा केंद्रकीशी संबंध एवढाच येतो.

प्रस्तुत लेखाचा विषय हा ठिपका आहे, आणि त्याहून अधिक, त्याला गेल्या दोनशे वर्षांत लावली गेलेली क्रियापदे. नाम १८३९ पासून तेच राहिले. क्रियापदे मात्र पिढीगणिक बदलत गेली. केंद्रकी अंकुरते, साठवते, टाकून देते, जुळवते, घडवते, कातरते, आणि अलीकडे, 'डांबून ठेवते'. साहित्याच्या अभ्यासकाला यात रस वाटावा, कारण दरवेळी आधी एक रूपक आले, त्या रूपकाने काही दाखवले, काही झाकले, आणि ते झाकलेले दिसायला पुढची पिढी लागली.

प्रारंभ नेहमीप्रमाणे धूसर आहे. फेलिचे फोंताना या इटालियन निसर्गाभ्यासकाने १७८१ मध्ये सर्पविषावरचा आपला ग्रंथ प्रसिद्ध केला. त्यात ईल माशाच्या, म्हणजे आपल्या वामाच्या भाऊबंदाच्या, कातडीवरील बुळबुळीत द्रवात दिसलेल्या एका अंडाकृती वस्तूचे व तिच्या मधोमध असलेल्या डागाचे वर्णन आहे. केंद्रकीची पहिली नोंद म्हणून त्याच्याकडे बोट दाखवले जाते. त्यानंतर पुर्किन्ये याने १८२५ मध्ये कोंबडीच्या अंड्यातील मोठे केंद्रक पाहिले. रॉबर्ट ब्राउनने १८३१ मध्ये वनस्पतिपेशींतील केंद्रकाला नाव दिले. रुडोल्फ वाग्नरने १८३५ मध्ये अंडपेशीच्या केंद्रकात एक बिंदू पाहून त्याला 'काइमफ्लेक', म्हणजे अंकुराचा डाग, असे म्हटले. पुर्किन्येचा शिष्य गाब्रिएल व्हालेंटिन याने मज्जापेशींत तीच वस्तू पाहिली आणि १८३९ मध्ये 'न्यूक्लिओलस' हा शब्द रूढ केला.

वाग्नरच्या 'अंकुर' या शब्दाकडे जरा थांबून पाहिले पाहिजे. अंड्यात डाग दिसला, अंड्यातून जीव उपजतो, तेव्हा तो डाग म्हणजे मूळ बीज असणार, ही कल्पना किती सहज सुचणारी! माथियास श्लायडेनने १८३८ मध्ये तिला सिद्धांताचे रूप दिले. पेशीच्या आतील चिकट द्रवात प्रथम बारीक कण एकत्र येऊन केंद्रकी बनते. तिच्याभोवती साका जमून केंद्रक बनते. आणि घड्याळावर काच बसवावी तसा त्या केंद्रकावर एक पारदर्शक फुगवटा येऊन तो वाढत वाढत नवी पेशी होतो, असे त्याचे प्रतिपादन होते. थिओडोर श्वानने पुढच्याच वर्षी ते प्राण्यांना लागू केले व पेशीच्या जन्माची तुलना स्फटिकाच्या जन्माशी केली. सर्व सजीव पेशींचे बनलेले आहेत हा जो सिद्धांत आपण शाळेत या दोघांच्या नावे शिकतो, त्याच्या मूळ आवृत्तीत केंद्रकी ही सृष्टीची आदिजननी होती! पाठ्यपुस्तके सिद्धांताचा हा अर्धा भाग सोयीस्करपणे गाळतात. रॉबर्ट रेमाकने पेशी विभाजनानेच वाढतात हे दाखवले, १८५५ मध्ये व्हिर्खोने प्रत्येक पेशी ही पेशीपासूनच येते असे सूत्र मांडले, आणि आदिजननीचे आसन रिकामे झाले.

पडझड एवढ्यावर थांबली नाही. रंगद्रव्यांची कला सुधारल्यावर, विशेषतः वाल्टर फ्लेमिंगच्या १८८२ च्या ग्रंथानंतर, पेशीविभाजनाचे सारे नाट्य डोळ्यांसमोर उलगडले. त्यात गुणसूत्रे दुभंगतात, दोन्ही कन्यापेशींत काटेकोरपणे वाटली जातात. केंद्रकी मात्र बहुतेक पेशींत विभाजनाच्या वेळी विरून जाते व नंतर पुन्हा दिसू लागते. जे अखंड चालत येते तेच वारसा वाहते, म्हणून तेच महत्त्वाचे, या विचाराने भारलेल्या त्या काळात येणारी-जाणारी केंद्रकी साहजिकच दुय्यम ठरली. श्ट्रासबुर्गरच्या मते ती राखीव सामग्रीचा साठा होती; हेकरच्या मते गुणसूत्रांच्या चयापचयातून उरलेला टाकाऊ माल. एकाच वस्तूला एकाने कोठार म्हणावे आणि दुसऱ्याने उकिरडा! टॉमस मॉन्टगोमेरी या अमेरिकी प्राणिशास्त्रज्ञाने १८९८ मध्ये केंद्रकीच्या रचनेवर तीनशेहून अधिक पानांचा निबंध लिहून उपलब्ध निरीक्षणांचा धांडोळा घेतला. निरीक्षणे अगणित होती. वानवा होती ती क्रियापदाची.

ते क्रियापद मक्याच्या शेतातून आले. एमिल हाइट्सने १९३१ च्या सुमारास दाखवले होते की केंद्रकी कोठेही उगवत नाही. काही ठरावीक गुणसूत्रांवरील ठरावीक चिंचोळ्या जागीच ती तयार होते. बार्बारा मॅक्लिंटॉक यांनी मक्याच्या सहाव्या गुणसूत्रावरील अशा जागेचा अभ्यास केला. क्ष-किरणांमुळे सहाव्या आणि नवव्या गुणसूत्रांचे तुकडे अदलाबदल झालेले एक वाण त्यांच्या हाती होते, आणि त्यात तुटण्याची जागा नेमकी या भागातून गेली होती. दोन्ही तुकड्यांनी आपापली केंद्रकी बनवली. ज्या पेशींत ही जागाच नव्हती, तेथे केंद्रकीचे द्रव्य बारीक थेंबांसारखे विखुरलेले दिसले. १९३४ च्या लेखात त्यांनी निष्कर्ष काढला की द्रव्य इतरत्र बनत असावे, आणि ही जागा त्याची जुळवणी करत असावी. तिला त्यांनी 'संघटक' म्हटले. भ्रूणशास्त्रात श्पेमान व हिल्डे मांगोल्ड यांच्या १९२४ च्या प्रयोगापासून हाच शब्द गाजत होता.

येथे थोडे विषयांतर करून काव्यशास्त्राकडे वळतो. लक्षणेचे दोन प्रकार आपण शिकवतो : काही प्रयोजन मनात धरून केलेली, आणि वापराने रूढ झालेली. 'गंगेवर गौळवाडा' म्हणताना गंगाकाठचा गारवा आणि पावित्र्य सुचवायचे असते. 'कुशल' म्हणताना मात्र कुश गवत कापणारा कोणाच्या डोळ्यांसमोर येत नाही. विज्ञानातील रूपके पहिल्या प्रकारात जन्म घेतात व दुसऱ्यात जाऊन बसतात. मॅक्लिंटॉक यांच्या 'संघटक' शब्दामागे एक गृहीतक होते : द्रव्य दुसऱ्याचे, रचना हिची. तीस वर्षांनी त्या जागी खरोखर काय आहे ते कळले तेव्हा हे गृहीतक मोडले, तरी शब्द टिकला. आजही प्रत्येक पुस्तकात ती जागा 'केंद्रकी-संघटक प्रदेश' याच नावाने येते, आणि त्या शब्दातला जुना दावा कोणाला ऐकू येत नाही. (मॅक्लिंटॉक यांना नोबेल मिळाले ते १९८३ मध्ये, आणि दुसऱ्याच कामासाठी.)

काय होते त्या जागी? उत्तराचा एक धागा रसायनातून आला. स्टॉकहोममधील कास्पर्सन आणि ब्रुसेल्समधील ब्राशे यांनी १९४० च्या आगेमागे वेगवेगळ्या मार्गांनी दाखवले की केंद्रकीत आरएनए विपुल असतो, आणि ज्या पेशी भरपूर प्रथिने बनवतात त्यांत तो अधिकच असतो. पुढे १९५० च्या दशकात प्रथिने गुंफणारे सूक्ष्म कण सापडले. १९५८ मध्ये त्यांना 'रायबोसोम' हे नाव मिळाले. दुसरा धागा बेडकांचा. ऑक्सफर्डमध्ये झेनोपस या आफ्रिकी बेडकांत दोनऐवजी एकच केंद्रकी असलेल्या पेशींचा एक वाण आढळला (१९५८). अशा नर-मादीच्या संततीपैकी चतुर्थांश पिले केंद्रकीविना जन्मतात, पोहू लागण्याच्या वयापर्यंत वाढतात आणि मग मरतात. १९६४ मध्ये डोनाल्ड ब्राउन आणि जॉन गर्डन यांनी दाखवले की ही पिले रायबोसोमचा आरएनए मुळी बनवूच शकत नाहीत. तोवर ती जगतात कशावर? आईने अंड्यात भरून दिलेल्या रायबोसोमांवर. शिदोरी संपली की जीव संपतो. १९६५ मध्ये रितोसा व स्पीगलमन यांनी फळमाशीत सिद्ध केले की 'संघटक' जागेत रायबोसोमच्या आरएनएची जनुकेच ठाण मांडून आहेत. ती जागा दुसऱ्याचे द्रव्य रचत नव्हती. द्रव्य तिचेच होते. केंद्रकीला अखेर भारदस्त क्रियापद मिळाले : ती 'घडवते'. कारखान्याचे रूपक आले आणि घट्ट बसले.

मात्र हा कारखाना विचित्र निघाला. रॉबर्ट पेरी, तसेच शेरर आणि डार्नेल यांच्या १९६२-६३ मधील प्रयोगांनी एक अनपेक्षित गोष्ट पुढे आणली. रायबोसोमचा आरएनए थेट तयार होत नाही. आधी एक लांबलचक मसुदा बनतो आणि मग तो कातरला जातो. मानवी पेशीत या मसुद्याची लांबी सुमारे १३,००० अक्षरे आहे. कातरून जे तीन तुकडे ठेवले जातात त्यांची बेरीज भरते सुमारे ७,०००. जवळजवळ अर्धा मजकूर पेशी लिहिते आणि फेकून देते! इंग्रजीत या कामाला जो शब्द आहे त्याचे भाषांतर आपण 'प्रक्रिया' असे करतो. मला तो शब्द फार निर्जीव वाटतो. फळांवर प्रक्रिया होते, सांडपाण्यावरही होते. येथे जे घडते त्याला 'संस्करण' म्हणणे अधिक योग्य, कारण त्यात संस्कारही आहेत आणि मजकूर आवृत्तीच्या लायक करणेही आहे.

हे काम उघड्या डोळ्यांनी पाहण्याच्या सर्वांत जवळ जाणारा क्षण १९६९ मध्ये आला. ऑस्कर मिलर आणि बार्बारा बीटी यांनी न्यूट या उभयचर प्राण्याच्या अंडपेशीतील केंद्रकी पाण्यात उकलून इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली पसरवल्या. चित्रात जनुकाचा सरळ धागा दिसतो आणि त्याला दोन्ही बाजूंनी फुटलेल्या फांद्या. आरंभापाशी आखूड, शेवटाकडे लांब. प्रत्येक फांदी म्हणजे लिहिला जात असलेला एक मसुदा. नाताळच्या झाडाची उपमा तिकडे लगेच रूढ झाली. या फांद्यांच्या टोकांशी बारीक गाठी दिसतात. कित्येक वर्षे त्या गाठी सगळ्यांनी पाहिल्या आणि त्यांचा अर्थ कोणाला नीट लावता आला नाही. २००२ मध्ये कळले की ते कातरकाम करणारे यंत्रच आहे : यू-३ नावाचा छोटा आरएनए आणि डझनावारी प्रथिने मसुद्याच्या आरंभाला बिलगतात, मसुदा पुरा होण्याच्या आधीच. लेखक लिहीत आहे आणि संस्करण करणारा त्याच्या खांद्यावरून वाकून खुणा करतो आहे, असे हे दृश्य!

खुणांचीही एक गोष्ट आहे आणि ती सांगितल्यावाचून राहवत नाही. मानवी रायबोसोमच्या आरएनएत दोनशेहून अधिक अक्षरांवर सूक्ष्म रासायनिक बदल केलेले असतात. नेमकी कोणती अक्षरे, हे कोण ठरवते? १९९६-९७ मध्ये उत्तर मिळाले. केंद्रकीत शेकडो छोटे आरएनए असतात. त्यांतील प्रत्येकाचा एखादा तुकडा मसुद्यातील विशिष्ट ठिकाणाशी जुळतो, तेथे जाऊन बसतो आणि सोबतच्या प्रथिनाला खूण कोठे करायची ते दाखवतो. गंमत अशी की यांपैकी बरेचसे मार्गदर्शक इतर जनुकांच्या अशा भागांत दडलेले असतात जे कातरून टाकले जातात, ज्यांना सर्रास भरताड समजले जाई. १९९६ मध्ये जोन स्टाइट्झ यांच्या प्रयोगशाळेने तर असे एक जनुक दाखवले की ज्याचा 'मुख्य' मजकूर पेशी टाकून देते आणि वगळलेल्या भागांतून हे मार्गदर्शक काढून ठेवते. समासातील टिपांसाठी छापलेला ग्रंथ म्हणावा असा हा प्रकार. मसुद्यातून टाकले गेलेले निरर्थकच असते, हे गृहीतक मोडून पडावे अशी याहून चांगली जागा मला ठाऊक नाही.

येथपर्यंत कथा एका रेषेत चालते. १९९९ मध्ये तिला फाटा फुटला. यीस्टच्या पेशीत सीडीसी-१४ नावाचे एक प्रथिन आहे. पेशीविभाजनाच्या काळात प्रथिनांवर फॉस्फेटचे जे शिक्के उमटवले जातात, त्यांतले अनेक पुसून पेशीला विभाजनातून बाहेर काढणे हे त्याचे काम. ते वेळेआधी सुटले तर अनर्थ. एमआयटीतील अँजेलिका अमोन यांच्या आणि कॅलटेकमधील रे डेशे यांच्या गटांनी स्वतंत्रपणे दाखवले की विभाजनाचा निर्णायक टप्पा येईपर्यंत हे प्रथिन केंद्रकीत धरून ठेवलेले असते, आणि धरणारे दुसरे प्रथिन म्हणजे नेट-१. एका लेखाच्या शीर्षकात 'नांगरून ठेवणे' हे क्रियापद होते, दुसऱ्याच्या शीर्षकात 'सुटका' हे नाम. त्याच वर्षी सस्तन प्राण्यांत आणखी एक उदाहरण पुढे आले. पी-५३ हे प्रथिन खराब झालेल्या पेशीची वाढ थांबवते. १९९२ मध्ये त्याला 'जनुकसंचाचा राखणदार' ही पदवी मिळाली होती. एमडीएम-२ हे प्रथिन एरवी या राखणदाराचा नायनाट करत असते. नव्या लेखाचे म्हणणे असे की एआरएफ नावाचे तिसरे प्रथिन या एमडीएम-२ ला केंद्रकीत ओढून अडकवते आणि राखणदार मोकळा होतो. २००४ मध्ये कॅनडातील एका गटाने दाखवले की पेशीत आम्लता वाढली की व्हीएचएल हे प्रथिन केंद्रकीत जाऊन बसते, आणि त्यामुळे त्याने नष्ट करायचे प्रथिन वाचते.

या लेखांमुळे 'सीक्वेस्टर' हे क्रियापद केंद्रकीला चिकटले. आपल्याकडे त्याचा अनुवाद कोणी 'डांबणे' करील, कोणी 'स्थानबद्ध करणे', कोणी 'नजरकैद'. पण मूळ शब्द तुरुंगाचा नाही. रोमन व्यवहारात दोघांचा एखाद्या वस्तूवरून वाद असला की निकाल लागेपर्यंत ती ज्या त्रयस्थाच्या स्वाधीन करत, तो 'सेक्वेस्टर'. आपल्या जुन्या दप्तरांतील 'अमानत' या शब्दाची छटा त्याच्या फार जवळची आहे. हा भेद केवळ कोशातला नाही. तुरुंग म्हटला की भिंत आली, पहारेकरी आला, आणि कैद्याचा काही अपराध आला. अमानत म्हटली की वेळ आली, अट आली, आणि परत देण्याची हमी आली. केंद्रकीला भिंत नाही. तिच्याभोवती पातळ पडदाही नाही. २००० मध्ये फेअर आणि मिस्टेली यांनी प्रकाशमान प्रथिनांच्या साहाय्याने दाखवले की फायब्रिलारिनसारखे केंद्रकीचे अगदी घरचे प्रथिनही तेथे स्वस्थ बसत नाही. अल्पावधीत बाहेर जाते, दुसरे आत येते. त्याच वर्षी एका समीक्षालेखाच्या लेखकांनी हॅम्लेटच्या प्रसिद्ध द्विधेवर बेतलेले शीर्षक केंद्रकीला बहाल केले. शीर्षक चटकदार आहे. पण हॅम्लेटपुढचे दोन पर्याय तरी स्पष्ट होते. येथे असणे आणि नसणे यांतला फरक कालावधीचा आहे.

तुरुंगाच्या रूपकाचा तोटा व्हायचा तो झालाच. २००२ मध्ये मानवी केंद्रकीतील २७१ प्रथिनांची यादी आली, २००५ मध्ये ती सुमारे ७०० वर गेली, आणि प्रत्येक अनपेक्षित नावाला कैदी समजण्याचा मोह अनेकांना आवरला नाही. एआरएफच्या कथेलाही लवकरच आव्हान मिळाले : एमडीएम-२ केंद्रकीत न हलवताही राखणदार वाचवता येतो, असे २००१ च्या एका लेखाने दाखवले. याहून मोठा तोटा असा की कथा दुभंगली. केंद्रकीचे 'जुने काम' संस्करणाचे आणि 'नवे काम' अडकवण्याचे, अशी मांडणी रूढ झाली. जणू दिवसा छापखाना आणि रात्री कोठडी.

माझ्या मते ही दुभागणी खरी नाही, आणि तसे म्हणण्याला पुरावा आहे. सीडीसी-१४ ला धरणारे नेट-१ हे केवळ पहारेकरी नव्हे. २००१ मध्ये दिसून आले की रायबोसोम-जनुकांच्या वाचनाला तेच चालना देते. २००९ मध्ये दुसरी बाजू कळली : सुटलेले सीडीसी-१४ याच जनुकांचे वाचन थांबवते, कारण वाचन चालू असेल तर ती जनुके दोन कन्यापेशींत नीट वाटली जाऊ शकत नाहीत. म्हणजे धरणारा छापखान्याचा नोकर, आणि सुटलेला येऊन छापखाना बंद करणारा. व्हीएचएलच्या बाबतीत हे आणखी ठळक आहे. २०१२ मध्ये त्याच कॅनडियन गटाने दाखवले की उष्णता वा आम्लता वाढली की रायबोसोम-जनुकांच्या मधल्या मोकळ्या पट्ट्यांतून, जेथून काही वाचले जाईल अशी अपेक्षा नव्हती तेथून, वेगळेच आरएनए लिहिले जातात. प्रथिनांना धरून ठेवतात ते हे आरएनए. ते काढून घेतले तर प्रथिने थांबत नाहीत. या वेळी शीर्षकात 'सीक्वेस्टर' नव्हते. 'निश्चल करणे' होते. आठ वर्षांत त्याच गटाने क्रियापद बदलले, ही गोष्ट मला त्यांच्या आकृत्यांइतकीच बोलकी वाटते. प्रथिने धरली जातात ती आरएनएने. आणि आरएनए तेथे आहे, कारण ते त्याच्याच लेखनाचे आणि संस्करणाचे ठिकाण आहे.

पी-५३ ची गोष्टही अशीच उलगडली. रूबी आणि मिल्नर यांनी २००३ मध्ये दाखवले की केंद्रकी विस्कटली की राखणदार जागा होतो. पुढील दहा वर्षांत कारण स्पष्ट होत गेले. रायबोसोमच्या जुळणीसाठी एल-५ व एल-११ ही प्रथिने आणि ५-एस नावाचा छोटा आरएनए यांचे एक त्रिकूट केंद्रकीत येत असते. संस्करण अडले की या त्रिकुटाला जागा उरत नाही. मग ते एमडीएम-२ ला जाऊन पकडते. गिरणगावात सकाळचा भोंगा वाजला नाही की आत काय झाले ते न पाहताच साऱ्या चाळींना कळत असे. तसा हा प्रकार. येथे केंद्रकीने कोणालाही अडकवलेले नाही. काम थांबणे हीच बातमी आहे. या बातमीची किंमत रुग्ण मोजतात. डायमंड-ब्लॅकफन या नावाच्या, लहान मुलांना होणाऱ्या रक्तक्षयाच्या विकाराचे मूळ अनेक रुग्णांत रायबोसोमच्या एका प्रथिनाच्या जनुकात आहे हे १९९९ मध्ये सापडले. त्या मुलांच्या तांबड्या पेशी घडवणाऱ्या पेशींत राखणदार नको तेव्हा जागा होतो, असे आज समजले जाते. उलट, मुलांच्या काही कर्करोगांवर १९६० च्या दशकापासून दिले जाणारे ॲक्टिनोमायसिन-डी हे औषध अत्यल्प मात्रेत सर्वांत आधी रायबोसोम-जनुकांचे वाचन थांबवते. पेरींनी १९६२ मध्ये केंद्रकीचे काम ओळखण्यासाठी हेच द्रव्य वापरले होते.

अलीकडच्या रूपकाबद्दल थोडे. २०११ मध्ये ब्रँगविन, मिचिसन आणि हायमन यांनी झेनोपसच्या अंडपेशीतील केंद्रकी द्रवाच्या थेंबांसारख्या वागतात असे दाखवले : दोन भेटल्या की एक होतात आणि गोल होतात. वाग्नरने १८३५ मध्ये अंकुराचा डाग पाहिला तो अंडपेशीतच, आणि मॅक्लिंटॉक यांच्या मक्यात संघटकाविना विखुरले ते थेंबच. 'थेंब' हे क्रियापद नव्हे, नाम आहे, आणि म्हणून ते फसवे आहे. थेंब कोणत्या पदार्थाचा, किती पातळ, आतले थर वेगळे का राहतात, हे सांगितल्याशिवाय त्यातून काही कळत नाही. तरी त्याने एक काम केले. भिंतीविना धरून ठेवणे ही विसंगती वाटेनाशी झाली. तेल-पाण्याच्या सीमेला कुंपण लागत नाही.

या चित्रात 'अमानत' हा अर्थ कोठे बसतो, ते २०१९ मध्ये म्युनिकजवळ मार्टिन्सरीडच्या हार्टल यांच्या प्रयोगशाळेतून आलेल्या एका लेखात दिसते. पेशीला उष्णतेचा ताण दिला की घडी बिघडलेली प्रथिने केंद्रकीच्या बाह्य, कणदार थरात शिरतात. बाहेर राहिली असती तर ती एकमेकांना चिकटून त्यांचे कायमचे गठ्ठे झाले असते. येथे त्यांची हालचाल मंदावते, पण गठ्ठा होत नाही. ताण ओसरला की मदतनीस प्रथिनांच्या साहाय्याने ती बाहेर काढली जातात आणि त्यांची घडी पुन्हा नीट बसवली जाते. ताण लांबला, तर मात्र तो थर हळूहळू घट्ट होत जातो आणि ठेवलेले परत मिळत नाही.